सत्कार आवरा, कुस्ती लावा

गावच्या कुस्ती मैदानात सगळ्यात जास्त वेळ कशाला जातो? सत्काराला.

दुपारी दोनला मैदान सुरू होणार म्हणून निवेदक सकाळपासून घसा फोडत असतो. तालमीतली पोरं बारालाच पिशव्या घेऊन हजर असतात. अडीच-तीनला आखाड्याचं पूजन होतं, नारळ फुटतो, हलगी कडाडते, चार-सहा कुस्त्या लागतात आणि तेवढ्यात मैदानाच्या तोंडाशी गाड्यांचा ताफा येऊन थांबतो. हलगी बंद. आखाड्यातल्या जोड्या बाजूला. मग फेटा, शाल, श्रीफळ, फोटो आणि "दोन शब्द". हे पाहुणे निघतात तोवर दुसरे येतात. दुसऱ्यांना फेटा बांधून होतो न होतो तोच तिसऱ्यांचं नाव पुकारलं जातं. थंडीच्या दिवसांत सहाला अंधारून येतं. एक नंबरची कुस्ती मात्र ठरल्याप्रमाणं व्हायलाच पाहिजे, कारण तिचं इनाम पोस्टरवर लाखांत छापलेलं आहे. मग वेळ कापायचा कुठून? खालून. शंभर, दोनशे, पाचशे रुपयांच्या कुस्त्यांतून. "पाच मिनिटांत निकाल करा, नाहीतर बरोबरीत सोडवतो," असं पंच सांगतात, आणि खरोखरच सोडवतात.

सातारा-सांगली पट्ट्यात हा प्रकार आता रिवाज झाला आहे, आणि तो मोडायला हवा. कारण त्या शंभर-दोनशेच्या कुस्तीत जो उभा असतो, त्याच्यासाठी ती हंगामातली पहिली कुस्ती असते.

हा मल्ल कोण, ते नीट बघा. तो कुणाच्या दत्तक योजनेत नाही. पुण्या-कोल्हापूरच्या मोठ्या तालमीत त्याची खोली नाही. तो पहाटे गावच्या तालमीत जोर-बैठका काढतो, माती खणतो, दोन लढती करतो आणि आठच्या ठोक्याला कामावर जातो. कुणी साखर कारखान्यात हंगामी आहे, कुणी दूध संकलनावर, कुणी आयटीआयला, कुणी बापाबरोबर उसाला पाणी पाजतो. पावसाळ्यात उघड्यावरची मैदानं थंडावतात. दसरा-दिवाळी झाली की जत्रांचे पोस्टर लागायला सुरुवात होते. मार्गशीर्षात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात औंधची यमाई, आणि मग चैत्र-वैशाखापर्यंत कृष्णाकाठचं, माणदेशाचं एकेक गाव. कारखान्यांचं गाळप आणि कुस्तीचा हंगाम आमच्याकडे एकदमच पेटतो. उसाचं बिल निघालं की गावची वर्गणीही सुटते, आणि त्याच वर्गणीतून मैदान उभं राहतं. म्हणजे हे मैदान कुणा एकाचं नसतं. तिकीट नसतं, सभासदत्व नसतं, कुणीही लंगोट लावून उतरू शकतो. महाराष्ट्रात इतकं खुलं क्रीडांगण मला दुसरं माहीत नाही.

या खुलेपणाचा प्राण आहे जोड लावणं. हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो. दोन पोरं आखाड्यात शेजारी उभी करतात. सदरे काढलेले. एक वस्ताद मागून खांद्यांची रुंदी बघतो, दुसरा मनगट धरून बघतो, तिसरा मानेवरून हात फिरवतो. कुठल्या तालमीचा? किती वर्षं मेहनत करतोस? गेल्या साली कुणाबरोबर धरली होतीस? एखादा वस्ताद मध्येच म्हणतो, "जड जातंय हो पोरगं आमच्याला." मग त्याला बाजूला घेऊन दुसरा आणतात. वजनकाटा नाही, कागद नाही, सगळा नजरेचा हिशेब. आणि नजर अशी पक्की की दहातल्या आठ जोडी बरोबर बसतात. जोड ठरली की दोघांना हात धरून आखाड्याभोवती फिरवतात, म्हणजे लोकांनाही बघता येतं की लबाडी नाही. मग मातीला हात लावून कपाळी, एकमेकांच्या अंगावर चिमूटभर माती, सलामी, आणि खडाखडी सुरू.

ती मातीसुद्धा बघण्यासारखी असते. चाळलेली तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, लिंबू, कापूर आणि हळद. हळदीच्या बाबतीत तर सांगलीला दुसरीकडं बघायची गरजच नाही. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तालमीच्या हौद्यात ती पडत आली आहे. खरचटलं तर चिघळू नये आणि पडलं तर अंग शेकून निघू नये, एवढ्यासाठी ही सगळी मेहनत. एवढी निगा मातीची राखायची आणि तिच्यावर उभ्या राहणाऱ्या पोराला पाच मिनिटं द्यायची, हे मला पटत नाही.

मातीतल्या कुस्तीला घड्याळ लावलं की ती कुस्ती उरत नाही. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात, मध्ये तीस सेकंदांची उसंत, गुणफलक असतो, दहा गुणांची आघाडी घेतली की लढत संपते. तिथं मिनिटाला किंमत आहे कारण प्रत्येक पकडीला गुण आहे. मातीवर एरवी गुण नाहीत. पाठ टेकली की चितपट, नाही टेकली तर कुस्ती चालू. ज्यानं पाच-सहा महिने मैदान बघितलेलं नाही, त्याची पहिली दोन-तीन मिनिटं समोरच्याचा जोर अजमावण्यातच जातात. गर्दी बघून छाती धडधडत असते. हात मिळतात, सुटतात. एकदा पट काढायचा प्रयत्न फसतो. चौथ्या मिनिटाला कुठं श्वास लागतो, कब्जा मिळतो, आता ढाक लावायची की घिस्सा ओढायचा एवढा विचार मनात येतो, आणि पंच येऊन दोघांचे हात वर करतात. बरोबरीत. इनाम निम्मं-निम्मं. पोरगं अंगावरची माती झटकत बाहेर येतं. हरलं असतं तर वस्तादांनी रात्री चूक दाखवली असती. जिंकलं असतं तर पुढच्या गावात वरची जोड मिळाली असती. बरोबरीतून त्याला काहीच शिकायला मिळत नाही, आणि पुढच्या वस्तादाला त्याची जोड लावायला आधारही मिळत नाही. जोड लावणारी ती नजर तयार होते निकाली कुस्त्या बघून. निकाल लागेनासे झाले की उद्याच्या जोडीही चुकायला लागतील.

दुसरीकडं मोठ्या इनामाच्या कुस्तीला वेळच वेळ. वीस-वीस मिनिटं नुसती खडाखडी, मग लोक ओरडतात, मग पंच ताकीद देतात, मग गुणांवर घ्यायचं ठरतं. त्या दोघांना तो वेळ मिळतो याबद्दल तक्रार नाही. त्यांनी अंग घासून तो कमावलेला आहे. पण तेही एके काळी नारळावर आणि रेवड्यांवरच लढले होते, आणि तेव्हा त्यांना निकाल लागेपर्यंत लढू दिलं होतं.

हौशी खेळाडूला त्याचा वेळ कसा देता येतो, हे दाखवायला गोल्फचं उदाहरण देतो. गोल्फ आपल्याकडे बड्या लोकांचा खेळ समजला जातो आणि बहुतेक ठिकाणी तसा तो आहेही. पण स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान, जिथं शतकानुशतकं हा खेळ चालत आला आहे, ते सार्वजनिक जागेवर आहे. रविवारी एरवी तिथं खेळ बंद असतो आणि गावकरी त्या हिरवळीवर फिरायला येतात. आपल्या राज्यात सिडकोनं खारघरला केलेल्या मैदानावरही पैसे भरून कुणालाही खेळता येतं. अशा मैदानांवर हौशी खेळाडू हंगामातला पहिला डाव खेळायला जातो तेव्हा त्याला दोन गोष्टी हक्कानं मिळतात. एक म्हणजे हात कच्चा असेल तर जादा फटक्यांची सूट. २०२० पासून यासाठी जगभर एकच पद्धत आली आणि तिच्यात ही सूट ५४ पर्यंत जाते. त्यामुळे नवखा आणि मुरलेला एका मैदानात बरोबरीनं खेळू शकतात. आमचं जोड लावणं हे त्याच जातीचं शहाणपण आहे आणि ते आमच्याकडे कुठल्याही नियमपुस्तकाशिवाय आहे. त्यात आम्ही कुणापेक्षा कमी नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. तिथं खेळाडूची सुरू करायची वेळ लिहून ठेवतात. सात वीस म्हणजे सात वीस. एकदा सुरुवात केली की त्याचा डाव पुरा होतो. हे मात्र आम्ही आमच्या पोराला देत नाही.

वेळ न मिळाल्यानं काय होतं, याचा सगळ्यात मोठा दाखला साताऱ्याचाच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, गावानं वर्गणी काढली. तिथं जपानच्या शोहाची इशीबरोबर खाशाबांची पंधरा मिनिटांहून जास्त चाललेली लढत झाली आणि ती थोडक्यात हातची गेली. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढायला उभं केलं. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला तिथं भारताचा एकही पदाधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती लढत हरले. इशी आणि सोव्हिएत मल्ल पुढं गेले आणि खाशाबांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं.

त्या अर्ध्या तासाची हळहळ आम्ही सत्तर वर्षं करतोय. व्यासपीठावरून भाषणात खाशाबांचं नाव घेतल्याशिवाय आमच्याकडे एकही मैदान सुरू होत नाही. मग त्याच मैदानात, त्याच व्यासपीठासमोर, पोराची लढत अर्ध्यात का सोडवली जाते? त्याच्या वतीनं "थांबा, याला वेळ द्या" म्हणायला कुणी पदाधिकारी तिथंही का नसतो? इथं तर पदाधिकारी हाताच्या अंतरावर फेटा बांधून बसलेले असतात.

खाशाबा हौशीच होते, हेही विसरू नये. शिकता शिकता लढले, नंतर पोलिसात नोकरी केली. कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जाकार्ता आशियाई खेळांत सुवर्ण घेऊन आले आणि १९६४ साली हिंदकेसरी झाले. त्यांची सुरुवातही याच मातीत झाली. कुंडलच्या मैदानात आज हजारोंनी लोक जमतात ते काही आभाळातून पडलेल्या मल्लांना बघायला जमत नाहीत. वरच्या दहा जोडी खालच्या शंभर जोडींतून येतात. खालच्या शंभर नीट लढल्या नाहीत तर दहा वर्षांनी वर लावायला जोड राहणार नाही, आणि मग बाहेरच्या राज्यातून लाखो रुपये मोजून मल्ल आणायचे. ती सुरुवात झालेली आहेच. कुठल्याही मोठ्या मैदानाचं पोस्टर उघडा आणि वरच्या जोडींत हरियाणा-पंजाबची नावं किती आहेत ते बघा. ते मल्ल यावेत, जरूर यावेत, त्यांच्याशी लढूनच आमचे तयार झाले. पण समोर आपला गडी नको का?

मुलींच्या कुस्त्यांची गत तर आणखी वाईट. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. त्यानंतर गावोगावच्या तालमींत मुली दिसायला लागल्या, बाप स्वतः सायकलवरून पोरीला सोडायला येऊ लागले. पण जत्रेच्या मैदानात मुलींची एखादीच जोड लावतात, तीही पाहुणे आल्यावर, फोटोपुरती. ती पोरगी सकाळपासून अंग गरम ठेवून बसलेली असते. तिची कुस्ती पाहुण्यांच्या वेळेला बांधली जाते. तिलाही कार्यक्रमाच्या यादीत नंबर द्या आणि त्या नंबरावर तिची कुस्ती लावा.

आणखी एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. डॉक्टर. पाच-सहा महिन्यांनी मैदानात उतरलेल्या अंगाला इजा लवकर होते. मान, खांदा, गुडघा आणि कान. कानाला मार बसून कूर्चा आणि कातडीच्या मध्ये रक्त साकळतं. ते पहिल्या काही दिवसांत काढून कान दाबून बांधला तर आकार वाचतो, नाहीतर कायमचा मोडतो. मोडलेला कान ही पैलवानाची खूण म्हणून आपण मिरवतो, पण सतरा वर्षांच्या पोराला निवड करायची संधी तरी द्या. मानेचं तर विचारूच नका. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यात एका यात्रेच्या मैदानात मानेला इजा होऊन एक उमदा तरुण मल्ल गेला. सगळा पश्चिम महाराष्ट्र हळहळला, आणि पुढच्या जत्रेला सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. आजही कित्येक गावच्या मैदानात रुग्णवाहिका नसते. फेट्याचं कापड थानाच्या थान आणतात, आणि मान धरून ठेवायची पट्टी कुणाकडं नसते. मान दुखावलेल्या पोराला चार जण हातपाय धरून उचलतात, तेच सगळ्यात धोक्याचं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी पत्र दिलं, तालुक्याच्या दवाखान्यातली गाडी संध्याकाळपुरती मागितली, तर ती मिळू शकते. पण मागायची आठवण पाहिजे.

यात्रा कमिटीची बाजूही मी ऐकून आहे. देणगीदाराचा मान राखला नाही तर पुढच्या वर्षी वर्गणी कोण देणार? प्रश्न खरा आहे. पाच लाखांची कुस्ती कुणाच्या तरी खिशातून लागते. पण मान राखायला कुस्ती बंद करावी लागते, हे कुणी ठरवलं? सगळे सत्कार पूजनाच्या वेळी एकदाच अर्ध्या तासात उरका. जो उशिरा आला त्याचं नाव निवेदकानं चालू कुस्तीत पुकारावं, त्यानं जागेवरूनच हात जोडावेत. कुस्तीचा खरा शौकीन असेल तर त्याला तेच आवडेल. जुन्या लोकांना विचारा. आखाड्यात जोड चालू असताना मध्ये पाऊल टाकणं हा त्यांच्या काळी अपमान समजायचे, मग तो कितीही मोठा असो.

आणि वर्गणीचा हिशेब जरा उलटा करून बघा. एक नंबरच्या इनामातून दहा हजार कमी केले तर पाचशेच्या वीस कुस्त्या हजाराच्या होतात. मोठ्या मल्लाला त्या दहा हजारांनी फरक पडत नाही. कारखान्यातून सुट्टी टाकून, शंभर रुपयांचं पेट्रोल घालून आलेल्या पोराला पडतो. त्याच्या महिन्याच्या खुराकात, दुधात आणि बदामात पडतो.

तेव्हा कमिटीवाल्यांना माझं मागणं थोडकंच आहे. लहान जोडींना किमान दहा मिनिटं. अर्ध्या तासात संपणारे सत्कार. मैदानाच्या कडेला एक डॉक्टर आणि एक गाडी. यातल्या एकालाही फार पैसे लागत नाहीत.

आणि वाचकांना एक विनंती. आपण बहुतेक जण मैदानाला पाचला जातो, मोठ्या चार कुस्त्या बघतो आणि धूळ झटकत घरी येतो. कमिटी तेच बघते आणि त्याच हिशेबानं वेळ वाटते. यंदा दोनला जा. बांधावर, ट्रॉलीवर, जिथं जागा मिळेल तिथं बसा. पहिली जोड लागली की टाळी वाजवा, चांगला डाव पडला तर खिशातले शंभर रुपये निवेदकाकडं द्या. आणि पंच चौथ्या मिनिटाला कुस्ती सोडवायला पुढं आले, तर गप्प बसू नका. मोठ्यानं सांगा, निकाल होऊ द्या.